रेघ मारलेला ल

वॉर्सा,
२ ऑक्टोबर २०११

ती. गेनिया आत्यास,
सा. न. वि. वि.

वाळवलेल्या अळंब्यांचे पार्सल पोचले. बाबांनी माळ न तोडता तशीच स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आहे. आता घराला तुमच्या माळ्याचा वास येतो.

लिहिण्याचे कारण वेगळे आहे. बाबांच्या घशातली गाठ तपासली. कर्करोग आहे. स्वरयंत्र पूर्ण काढावे लागेल. शस्त्रक्रिया अठ्ठावीस नोव्हेंबरला ठरली आहे. डॉक्टरांच्या मते जिवाला फारसा धोका नाही, पण आवाज राहणार नाही. नंतर ते गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेतील. तुम्हाला कळवू नये असे बाबांनी मला बजावले होते. तरी मी कळवते आहे, कारण मागाहून कळले असते तर तुम्ही आम्हा दोघांना अंगणात उभे करून बोलला असता.

बाबांचा आवाज म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. टीव्हीवर परदेशी सिनेमा लागला की नट, नट्या, म्हातारी, मूल, सगळ्यांचे संवाद वरून पोलिशमध्ये एकटाच माणूस वाचतो. तो माणूस अर्ध्या देशासाठी गेली तीस वर्षे बाबा आहेत. टॅक्सीत पत्ता सांगितला तरी चालक मागे वळून पाहतो.

माझे काम यंत्राला पोलिश बोलायला शिकवण्याचे आहे, म्हणून मी एक गोष्ट करू शकते. बाबांचा आवाज आता नोंदवून ठेवला, तर पुढे ते टाइप करतील ते यंत्र त्यांच्या आवाजात बोलेल. जुन्या सिनेमांचा उपयोग नाही. त्यांत बाबांच्या आवाजाखाली कायम दुसरे कुणीतरी बोलत असते, आणि एकदा मिसळलेले दोन आवाज मला सोडवता येत नाहीत. म्हणून नवी वाक्ये रचून त्यांच्याकडून वाचून घेते आहे. आपल्या भाषेतले स, श आणि ष प्रत्येक शेजाऱ्याबरोबर निदान एकदा यायला हवेत, तसेच च आणि ज यांचे सगळे भाऊबंद. स्पेलिंगची यंत्राला अडचण नाही. एकच उच्चार आपण दोन तऱ्हांनी लिहितो आणि शाळेत त्यावरून पोरांना रडवतो, ते सगळे त्याने लगेच पाठ केले. उच्चार मात्र माणसाकडूनच घ्यावे लागतात.

बाबा रोज येतात, पाणी पितात, वाचतात. नोंदणी उत्तम चालली आहे.

विनंती एवढीच, की तुम्हाला काही कळले आहे असे सध्या त्यांना दाखवू नका.

आहे ती माया राहू द्यावी.
आपली,
बोग्ना


प्रभूची स्तुती असो.

झालेशे,
९ ऑक्टोबर

चि. बोग्ना हिला गेनिया आत्याचे अ. आ.

तुझं पत्र आलं. पहिल्यांदा वाटलं वीज कंपनीचं आहे. तारीख, कारण, विनंती, आपली. अगं, सख्ख्या आत्याला ‘तुम्ही’ कोण म्हणतं? मी काय कचेरी आहे?

रडायचं ते चुलीपाशी बसून रडून घेतलं. आता लिहिते.

फोन करणार नाही, घाबरू नकोस. फोनमध्ये मला नुसतं घुमतं, कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि मग कुत्रा भुंकत सुटतो. माणूस समोर बसला की मात्र मला सगळं लख्ख ऐकू येतं, लोक उगाच मला बहिरी म्हणतात. फक्त टीव्हीवर सेव्हेक लागला की मी बंद करते. ती बाई ओठ हलवते एक आणि तुझा बाप बोलतो दुसरंच. डोकं भणभणतं. शेजारीण म्हणते, एवढा नावाजलेला भाऊ आणि तू त्याचाच आवाज बंद करतेस.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. तो इथून गेला तेव्हा आमच्यासारखंच बोलायचा, शब्द ओढून, गाणं म्हटल्यासारखा. रेडिओच्या परीक्षेत त्याने दोन ओळी वाचल्या आणि खोलीभर माणसं हसली. मग हा दातांत पेन्सिल धरून वर्षभर उच्चार घासत बसला. त्या नाताळला घरी आला आणि आईला विचारलं की सरपण आणू का. आईने हात पुसले आणि म्हणाली, राहू द्या साहेब, तुमचे कपडे खराब होतील. आम्ही सगळे पोट धरून हसलो. तो नाही हसला.

पण माझ्याजवळ एकटा असला की अजून तसंच बोलतो हं. उन्हाळ्यात तुम्ही यायचात तेव्हा आम्ही दोघं बटाटे सोलत बसायचो, त्याची टकळी चालू. तू दारात दिसलीस की नळ बंद केल्यासारखा थांबायचा, आणि पुढचं वाक्य टीव्हीतून यायचं.

तर मला सांग, तू कुठला आवाज बरणीत भरते आहेस? तो भाड्याने देतो तो, की आमच्या घरातला?

गाय विकली. गुडघे आता तिच्यापुढे नमते घेतात. मध पाठवते, त्याला कोमट दुधात दे. मी काही कळल्याचं दाखवणार नाही, पण मी खोटं फार वेळ बोलू शकत नाही हे ध्यानात ठेव.

पोटभर जेव, मग मशिनं चालव.
तुझी,
गेनिया आत्या


वॉर्सा,
२१ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मध मिळाला. बाबा घेतात. तुम्ही अचानक मध का पाठवला असे त्यांनी विचारले नाही, म्हणजे त्यांना समजले आहे.

‘तुम्ही’ची सवय लगेच जाणार नाही. प्रयत्न करीन.

यंत्राची पहिली आवृत्ती तयार झाली. मोजमापाने पाहिले तर माझ्या हातून झालेले हे सर्वांत चांगले काम आहे. सहकाऱ्यांना यंत्र कोणते आणि बाबा कोणते हे ओळखता आले नाही. मग मी घरी असताना सहज एक वाक्य टाकले, बोग्ना, चहा ठेव. यंत्राने ते अगदी बिनचूक म्हटले, आणि मला वाटले की दुसऱ्या कुठल्या देशात, दुसऱ्या कुणा बोग्नाला कुणीतरी चहा ठेवायला सांगितले आहे आणि हा माणूस मला ते कळवतो आहे.

बाबांचे काम तसेच आहे. पडद्यावरच्या माणसाने बोलायला सुरुवात करायची, मग थोडे थांबून यांनी यायचे. रडायचे नाही, हसायचे नाही, कारण ते नट करतोच आहे. यांनी फक्त अर्थ पोचवायचा. घरीही ते असेच बोलतात. आई गेली तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात त्यांनी मला सांगितले, तेही थोडे थांबून, अशाच सुरात. मला त्यात कधी काही उणे वाटले नव्हते. तुमचे पत्र येईपर्यंत मला दुसरा आवाज आहे हेच माहीत नव्हते.

मी त्यांना सरळ विचारले, की गावाकडचे बोलणे नोंदवू या का. त्यांनी लगेच दोन वाक्ये म्हणून दाखवली. स्वर ओढले, श पातळ केला, आणि ल दातांवर आपटला. सगळे नियमाने बरोबर होते आणि सगळे खोटे होते. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात खेडूत दाखवतात तसे. ते स्वतःच म्हणाले, पुसून टाक, तो माणूस आता माझ्यात नाही.

आपण दोघी पाकिटावर तुमच्या तालुक्याचे नाव त्याच अक्षरांनी लिहितो. त्यातला ल रेघ मारलेला आहे. मी तो व म्हणते, ओठ गोल करून: सोकुव्का. तुम्ही म्हणता सोकुल्का, आणि जीभ दातांना लावता. अक्षर एकच. देशाच्या बहुतेक भागातून तो जुना उच्चार गेला, लिहिण्यात मात्र राहिला. तुमच्याकडे तो तोंडातही राहिला आहे. मला तो बाबांकडून हवा आहे, पण मागून मिळत नाही असे दिसते.

डॉक्टरांनी गळ्याला लावायचा एक कंप पावणारा दांडाही दाखवला. त्यातून सगळी माणसे एकसारखी, डब्यातून बोलल्यासारखी बोलतात. बाबांनी तो हातात घेऊन पाहिला, आभार मानले आणि परत दिला.

काही उपाय सुचत असल्यास कळवावे.

माया आहेच, ती गृहीत धरते.
आपली,
बोग्ना


प्रभूची स्तुती असो.

झालेशे,
२ नोव्हेंबर

चि. बोग्ना हिला अ. आ.

काल कबरस्तानात आई-दादांपाशी दिवे लावून आले. वारा सुटला होता, तीनदा विझले. दादांचा शेवटी मी टोपीआड लावला. तिथे उभी असताना सुचलं ते लिहिते.

नाताळात सेव्हेकला आवाज नसणार. म्हणजे आदल्या रात्री, व्हिगिलियाच्या जेवणाआधी, ओप्लातेकची पापडी मोडताना तो काय करणार? आमच्या घरात कुणी मुक्याने ओप्लातेक मोडलेला नाही. दादा आणि काका वर्षभर बोलत नव्हते, तरी त्या रात्री एकमेकांच्या हातातल्या पापडीचा तुकडा मोडून तोंडाने म्हणायचे, देव तुला बरं ठेवो. मग पुन्हा वर्षभर अबोला. पण म्हणायचे.

तर मी ठरवलंय. व्हिगिलिया या महिन्यात करायची. एकोणीस तारखेला, शनिवारी. देवाला कळेल. पाद्रीबाबांना सांगणार नाही.

ओप्लातेकची सोय झाली. ऑर्गनवाला रोमुआल्द दरवर्षी घरोघर वाटतो, त्याच्याकडे खोकी येऊन पडली आहेत. आधी म्हणाला, बाई, अजून वेळ आहे, असं चालत नाही. मी म्हटलं, तू रविवारी चुकीचे सूर लावतोस तेव्हा प्रभू चालवून घेतो ना, मग हेही घेईल. खोकं उघडून दिला. एक गुलाबीसुद्धा दिला, तो खरं तर गुरांना देतात. गाय विकली हे तो विसरला.

हेरिंग मासळी मी मुरत घातली. खसखस कुटून गव्हाची गोड कुत्या करीन. बीटच्या सारात अळंबी भरलेले कणकेचे छोटे कान सोडीन. या घरात तेवढे तरी कान चालू हवेत. तू त्याला एवढंच सांग की ताईचे गुडघे दुखतात, भेटायला बोलावलंय. रीतीप्रमाणे टेबलावर कापडाखाली गवत पसरणारच आहे, तुझं मशीन त्यात खुपसून ठेव. त्याला दिसणार नाही. जेवताना मी त्याला असं बोलतं करीन की तुझी बरणी भरून सांडेल.

हो म्हण.
वाट बघणारी,
गेनिया आत्या


वॉर्सा,
८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आम्ही येतो.

गवतात यंत्र ठेवता येणार नाही. गवत सळसळते, आणि ती सळसळ नेमकी तिथेच असते जिथे आपले स, श आणि ष असतात. सगळे वाया जाईल. ध्वनिग्राहक मी दिव्याच्या दांडीला लावीन.

दुसरे, मी बाबांना आधीच सांगणार आहे. न सांगता नोंदवले तर ते चोरून घेतलेले होईल, आणि तसेही त्यांना कळेल. ज्या खोलीत ध्वनिग्राहक आहे तिथे ते मान थोडी डावीकडे वळवतात. हे त्यांना स्वतःला माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, सांगितले तर तो वाचल्यासारखा बोलेल. ती शक्यता मी धरली आहे.

येताना काय आणू ते कळवा.
आपली,
बोग्ना


वॉर्सा,
२१ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. उरलेली कुत्या बाबांनी गाडीतच संपवली.

शनिवारी तुम्ही तिथे होतात, पण बराच वेळ तुमचे श्रवणयंत्र ताटात होते. म्हणून नोंदणीत काय आले आहे ते सविस्तर लिहिते.

सुरुवात स्वच्छ आहे. आभाळ भरलेले असल्यामुळे, जो दिसल्यावर जेवायला बसायचे तो पहिला तारा दिसत नाही आणि म्हणून रस्त्यावरच्या खांबावरचा दिवाच आज तारा समजावा, असे तुम्ही जाहीर करता. मग तुम्ही बाबांना शुभेच्छा देता. त्या संपल्यावर थोडे थांबून बाबा येतात. आरोग्य, शांती, गुडघ्यांना आराम. मान डावीकडे. सिनेमातल्या कुणा बहिणीला कुणा भावाच्या शुभेच्छा पोचवाव्यात तसे.

मग खट्ट असा आवाज आहे. तुम्ही श्रवणयंत्र काढून अनपेक्षित पाहुण्यासाठी मांडलेल्या रिकाम्या ताटात ठेवता आणि म्हणता, की पाहुणा आला, आता सेव्हेक, तू काय वाटेल ते बोल, मला नाहीतरी काही कळणार नाही. त्यावर बाबा हसतात. हे हसणे मी पूर्वी ऐकलेले नाही. ते पोटातून सुरू होते आणि खोकल्यात संपते.

आणि मग तुमच्या लहानपणच्या हंसांचे भांडण येते. तळ्यावरच्या बर्फावर पाळलेले हंस कुणी सोडले होते. बाबा म्हणतात तू, तुम्ही म्हणता तू. बाबा म्हणतात की फाटकाची कडी काढायची अक्कल त्या घरात फक्त तुला होती. तुम्ही म्हणता की तुला कडी पोचत नव्हती म्हणून तू बादली पालथी घातलीस, आणि त्या बादलीवरून आईने तुला ओळखले. बाबा म्हणतात, बादली तूच ठेवलीस आणि मला मार खाऊ दिलास. स्वर ओढलेले, श पातळ, प्रत्येक रेघ मारलेला ल दातांवर. काहीही खोटे नाही. दिव्याकडे त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

पण आत्या, तुम्ही दोघे एकाच वेळी बोलता. हंसांपासून सुक्या फळांच्या पेयापर्यंत तुम्ही श्वास घेण्याइतक्याही थांबलेल्या नाहीत. बाबांच्या प्रत्येक शब्दावर तुमचा शब्द आहे, आणि यंत्र काढलेले असल्याने तो मोठ्याने आहे. पहिल्या पत्रात मी सिनेमांबद्दल जे लिहिले होते तेच इथे झाले. फरक एवढाच की या वेळी वरून बोलणाऱ्या तुम्ही आहात आणि खाली बाबा आहेत. मी दोन दिवस प्रयत्न केला. ते दोन आवाज सुटत नाहीत. घरातला आवाज यंत्रात येणार नाही.

तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही थांबला असता तर तेही थांबले असते.

स्वच्छ असा एकच भाग आहे. तुम्ही सार गरम करायला आत गेलात तेव्हा बाबांनी माझ्यासमोर ओप्वातेक धरला. आरोग्य, कामात यश, आणि आमच्या इमारतीची लिफ्ट लवकर दुरुस्त व्हावी. सूर नेहमीचा. गुणवत्ता उत्कृष्ट. मी आभार मानले आणि त्यांना तेच चिंतले.

पुढच्या सोमवारी सकाळी त्यांना दाखल करायचे आहे, त्याच दिवशी शस्त्रक्रिया. कळवत राहीन.
आपली,
बोग्ना


वॉर्सा,
२७ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उद्या सकाळी दवाखान्यात जातो. पिशवी भरून झाली. बोग्नाने चप्पल, टॉवेल, पाटी आणि खडू यांवर माझे नाव लिहून ठेवले आहे, जणू मी शिबिराला निघालो आहे.

काल तिच्या प्रयोगशाळेत ती फीत ऐकली. तिने माझ्या कानांवर यंत्र चढवले आणि कॉफी आणायला म्हणून गेली. कॉफी त्याच मजल्यावर मिळते. ती बऱ्याच वेळाने आली आणि कॉफी आणायला विसरली होती. 

तू मला नेहमी विचारतेस की पोरीशी मी आपल्यासारखा का बोलत नाही. ती झाली तेव्हा मी ठरवले की हिला कुठल्याही खोलीत कुणी हसता कामा नये. म्हणून तिच्या कानावर एकच बोलणे पडू दिले, आणि ते चांगले पडू दिले. तिला कुणी हसले नाही. मला याचा पश्चात्ताप नाही. फक्त झाले असे की ती दारात आली की माझी जीभ आपोआप मागे जाते. आता मुद्दाम पुढे आणायला गेलो तर नाटक होते. तिने ते लगेच ओळखले. तिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

तिला हवे होते ते मला देता आले नाही. तिने पुन्हा मागितले नाही. ती मागत नाही, हेही माझ्याकडूनच घेतले असणार.

संध्याकाळी ती घरी गेल्यावर स्वयंपाकघरात उभा राहून तुला एकदा मोठ्याने हाक मारली. जशी मळ्यातून मारायचो तशी. शेजाऱ्याने भिंतीवर ठोकले.

हंस तूच सोडलेस.

तुझा,
सेव्हेक


प्रभूची स्तुती असो.

झालेशे,
१३ डिसेंबर

चि. बोग्ना हिला अ. आ.

शेजारणीच्या मोबाइलवर तुझे निरोप मिळतात. ती ते मला चर्चमधल्या घोषणेसारखे वाचून दाखवते. नळी काढली, सूप पितो, फिरायला लागला, सगळं कळलं.

तुम्ही दोघं खऱ्या नाताळला इथे येताय. डॉक्टर नाही म्हणाले तर त्यांना माझ्याशी बोलायला दे.

तू विचारलंस की बाबा टाइप करतील आणि यंत्र शुभेच्छा म्हणेल, ते चालेल का. चालणार नाही. त्या डब्याने मला देव बरं ठेवो म्हटलं तर मी डब्यालाच ओप्लातेक भरवीन, मग बसशील साफ करत. नोव्हेंबरात त्याने सांगून घेतलंय, वर्षाची भरपाई झाली. नुसता तुकडा मोडेल आणि बसेल. मी त्याला रागावणार नाही.

रोमुआल्दने पुन्हा ओप्लातेक आणून दिला. म्हणाला, मागच्या खेपेचं देवाने हिशेबात धरलं नसेल तर.

लोकरीचे मोजे घालून या.
तुझी,
गेनिया आत्या


वॉर्सा,
२ जानेवारी २०१२

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. बाबांची जखम कोरडी आहे. तू दिलेल्या रुमालांपैकी निळा ते गळ्याच्या छिद्रावर बांधतात. त्यांना तो शोभतो असे औषधांच्या दुकानातली बाई म्हणाली. तिथे त्यांनी प्रथमच यंत्र वापरले. ते खोकल्याच्या औषधाचे नाव बोलल्यावर तिने विचारले की तुम्ही टीव्हीवरचे तेच का. बाबांनी टाइप केले, हो. यंत्राने थोडे थांबून हो म्हटले. बाबा दिवसभर खुशीत होते. बँक, दवाखाना, सोसायटीची कचेरी यांच्यासाठी तो आवाज उत्तम आहे. मी त्यात आता काही बदलणार नाही.

नाताळात तुझ्याकडे त्यांनी ते यंत्र कोटाच्या खिशातून काढलेच नाही, हे तू पाहिलेस. त्याबद्दल लिहायचे आहे.

तू त्यांच्यासमोर ओप्वातेक धरलास. त्यांनी तुकडा मोडला. त्यांचे ओठ हलले आणि तू त्यांना उत्तर दिलेस. मग ते पुन्हा काही म्हणाले आणि तू म्हणालीस की बादली तुझीच होती, मरेपर्यंत कबूल करणार नाहीस का. ते पुन्हा बोलले, तू पुन्हा भांडलीस. मी स्टोव्हपाशी उभी होते. खोलीत फक्त तुझा आवाज होता. तुला ते कळले नव्हते. नंतर ताटे मांडताना तू मला म्हणालीस की डॉक्टर काहीही सांगोत, माझा सेव्हेक तर पहिल्यासारखाच बोलतो.

ते असे आहे. आवाज गळ्यात तयार होतो, शब्द तोंडात होतात. बाबांचा गळा गेला, तोंड गेलेले नाही. ग आणि क यांतला फरक गेला, स आणि झ यांतलाही. पण जीभ जिथे जायची तिथे जाते. तू गेली कित्येक वर्षे ऐकते आहेस असे तुला वाटते, पण तू त्यांचे तोंड वाचतेस. म्हणून तुला फोन कळत नाही आणि सिनेमा सोसत नाही. म्हणून तुझ्यासाठी फारसे काही बदललेले नाही.

हे सगळे मला माहीत होते. जिभेच्या या आकृत्या मी स्वतः काढलेल्या आहेत. तरी मी सगळा वेळ ध्वनिग्राहक कुठे लावायचा याचाच विचार करत होते.

तुमचे भांडण संपल्यावर ते माझ्याकडे वळले. हातात तोच तुकडा होता. बहुधा त्यांना मध्ये थांबायला वेळ मिळाला नाही, किंवा आता थांबवण्यासारखा आवाजच नव्हता. मान सरळ होती. ते लगेच बोलले. पूर्वीचे थांबणे नव्हते.

शब्द थोडे होते. मला तोंड वाचण्याची सवय नाही, त्यामुळे पहिले दोन सुटले. शेवटच्या शब्दात रेघ मारलेला ल होता. त्यांचे ओठ गोल झाले नाहीत. जीभ दातांना लागली.

शब्द कोणता ते लिहीत नाही. तू शेजारीच उभी होतीस आणि तिकडेच पाहत होतीस.

येत्या उन्हाळ्यात बटाटे सोलायला मीही बसेन. समोर बसेन, म्हणजे दिसेल.

अशीच भांडत राहा.
तुझी,
बोग्ना